धावपट्टीच्या आधी

म्हसवड,
फेब्रुवारी २०२६

प्रिय मैत्रिणी,



परवा त्रिशूरहून फोनवर तू एका दमात दोन गोष्टी विचारल्यास. पुरंदरचा विमानतळ खरंच होणार का, म्हणजे आपल्या सिद्धनाथाच्या रथयात्रेला येणं सोपं होईल. आणि धुळदेवच्या माळावर तुझ्या वडिलांची जमीन आहे, तिचं काय होणार? "सविस्तर लिहिते," एवढंच मी तेव्हा म्हणाले. तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटले, पण माझ्या मनात ते एकमेकांना चिकटून बसलेत. म्हणून आज दुपारी सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल, चहा करून घे.

आधी इकडची खुशाली. शाळू काढणीला आलाय आणि काढणीला माणूस मिळत नाही. उरमोडीच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, यावरच पारावर बोलणं चालतं. बाकी घरी सगळे ठीक. आमच्या धाकट्या दिरांनी कामोठ्याहून फोटो पाठवला, त्यात त्यांच्या गच्चीवरून विमान उतरताना दिसतंय. दीर वाशीच्या मार्केटात माथाडी. आपल्या माण-खटावची, आटपाडी-खानापूरची किती माणसं त्या बाजूला राहतात, तुला ठाऊकच आहे. २५ डिसेंबरला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

विमानतळ म्हटलं की लोकांना वाटतं, ही मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांची चैन. मला तसं वाटत नाही. आपल्या भागातली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी केरळपासून आसामपर्यंत पांगली आहेत. घरी म्हातारं माणूस आजारी पडलं की दोन-दोन दिवस रेल्वेत काढून, मग एसटीने धूळ खात पोचायचं, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. तुझ्या आईच्या वेळी काय झालं ते मी विसरले नाही. म्हणून विमानतळ हवाच, असं मी ठामपणे म्हणते. पुण्याच्या लोहगावला जायचं तर म्हसवडहून चार-साडेचार तास मोडतात. पुरंदरचा झाला तर फलटण, लोणंद, जेजुरी असा सरळ आपल्या रस्त्यावर.

लोहगाव का पुरत नाही, हेही सांगते. तो मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची, आणि तीही लष्करी सरावाच्या वेळा सांभाळून वापरायची. मार्च २०२४ मध्ये नवी इमारत झाली, बसायला जागा झाली, पण इमारत वाढवली म्हणून धावपट्टी लांब होत नाही. लांब पल्ल्याची मोठी विमानं भरल्या टाकीनिशी उडायची तर धावपट्टी बरीच लांब लागते. मुंबईची गत वेगळी. तिथे धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. एका वेळी एकच वापरता येते. म्हणून १९९७ पासून दुसऱ्या विमानतळाचा विचार सुरू होता. आधी अलिबागकडे रेवस-मांडव्याचं नाव होतं, मग पनवेलजवळची जागा पुढे आली. २००७ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरणाची परवानगी मिळाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये भूमिपूजन झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन. पहिल्या अभ्यासापासून पहिल्या प्रवाशापर्यंत २८ वर्षं गेली. तेव्हा जन्मलेली पोरं आता पोराबाळांची झाली.

एवढी वर्षं गेली कशात? दिरांकडे गेले की मी ते काम लांबून बघायची. पनवेलच्या खाडीकाठची ती सगळी दलदल, खारफुटी, मधून वाहणाऱ्या नद्या, आणि ऐन मोक्याच्या जागी उलव्याची टेकडी, सुमारे ९० मीटर उंच. विमानाच्या वाटेत टेकडी चालत नाही. रोज ठरल्या वेळी भोंगा व्हायचा, मग सुरुंगाचा धमाका, आणि धुळीचा लोट गावांवर उतरायचा. टेकडीचा दगड फोडून तोच दलदलीत भराव म्हणून टाकला. एकीकडे डोंगर खाली आला, दुसरीकडे जमीन वर आली, तेव्हा कुठे ३,७०० मीटरची पहिली धावपट्टी झाली. उलवे नदीचा प्रवाह वळवला, उच्च दाबाच्या विजेच्या तारा हलवल्या. हे सगळं ११६० हेक्टरांत.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या आराखड्यात गाढी नदीसुद्धा वळवायची होती. पर्यावरण मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. मग दोन समांतर धावपट्ट्यांमधलं अंतर १,८०० मीटरवरून १,५५० मीटरवर आणलं आणि गाढी आपल्या जागी राहिली. पुढे दुसरी पट्टी झाली की विमानं दोन्हींवर एका वेळी उतरू शकतील, ती सोय कायम राहिली. म्हणजे नकाशावरची रेघ देवाने आखलेली नसते गं. कुणीतरी ठाम राहून नाही म्हटलं की ती सरकते. मात्र ती कागदावर असतानाच सरकते. एकदा भराव पडला की कुणाच्या बापाला सरकत नाही.

पाण्याची खोड तिथेही दिसलीच. भरावाने जमीन उंच झाली तसं शेजारच्या डुंगी गावात पावसाचं पाणी शिरायला लागलं, आणि मूळ यादीत नसलेल्या त्या गावाच्या पुनर्वसनाचा विषय उभा राहिला. तुला तर हे निराळं सांगायला नको. २०१८ च्या ऑगस्टात पेरियारला पूर आला तेव्हा तुमचा नेडुंबश्शेरीचा, म्हणजे कोचीचा, विमानतळ दोन आठवडे बंद होता, आणि तू रोज रडवेल्या आवाजात फोन करायचीस.

पण कोचीचं कौतुकही तुझ्याकडूनच ऐकलंय. जुना विमानतळ नौदलाचा, बेटावरचा, मोठ्या विमानांना अपुरा. म्हणजे पुण्यासारखीच अडचण. सरकारकडे पैसा नव्हता, तर तीसेक देशांत कामाला गेलेल्या हजारो मल्याळी माणसांनी नव्या विमानतळात आपली कमाई घातली आणि १९९९ मध्ये तो उभा राहिला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना घरासाठी जागा, कुणाला तिथेच काम, कुणाला विमानतळावर टॅक्सी चालवायचा परवाना. २०१५ पासून सगळी वीज उन्हाची, आणि सौर पॅनेलच्या रांगांमध्ये भाजीपाला पिकवतात. तू तिथली तोंडली घेतल्याचं सांगितलं होतंस. तिथेही कोर्टकचेऱ्या झाल्या, माणसं रडली, हे मला माहीत आहे. तरी जमीन देणारा दुसऱ्या दिवसापासून परका झाला नाही, याची किंमत मोठी आहे.

नवी मुंबईत हे सहजासहजी झालं नाही. विमानतळात दहा गावं गेली: चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचं ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी. या लोकांना विकसित जमिनीत साडेबावीस टक्के वाटा मिळाला, पुष्पकनगरला भूखंड मिळाले. पण हा साडेबावीस टक्क्यांचा आकडा कुणी खुशीने ताटात वाढला असं समजू नकोस. त्याच्या मागे १९८४ आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने शहरासाठी जमिनी घेतल्या, तेव्हा त्या भागातले शेतकरी त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, आणि विमानतळाच्या वेळी ती साडेबावीसपर्यंत गेली. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये त्या भागातल्या लोकांनी मानवी साखळी केली, ती काही नुसती नावाची हौस नव्हती. आपल्या जमिनीवर जे उभं राहतंय त्यावर आपली खूण असावी, एवढंच ते मागत होते.

आता पुरंदर. पुण्यासाठी आधी चाकण-राजगुरुनगरकडे जागा बघितल्या. तिथे डोंगर आड आले आणि शेतकऱ्यांचा विरोधही होता. २०१६ मध्ये पुरंदरची जागा ठरली. सात गावं: पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. पुरंदर किल्ल्यावर जन्मलेल्या छत्रपती संभाजीराजांचं नाव द्यायचं ठरलं. मध्येच जागा थोडी सरकवायची टूम निघाली, ती २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नाकारली आणि पुन्हा पहिल्या जागेवर गाडी आली. प्रत्येक फेरीत त्या सात गावांनी जीव टांगणीला लावून बसायचं. विहीर खोल करावी की नको, पोराचं लग्न या घरातून करावं की नको, काही ठरवता येत नाही. ३ मे २०२५ रोजी कुंभारवळणला ड्रोनने सर्वेक्षण करायला पथक आलं, तेव्हा लोक आडवे झाले, लाठीमार झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. त्याच वर्षी पुढे क्षेत्र सात हजार एकरांवरून तीन हजार एकरांवर आलं. मोबदल्यासोबत दहा टक्के विकसित भूखंड द्यायचं ठरलं आणि बऱ्याच जणांनी संमतीपत्रं दिली.

मी हे सगळं वर्तमानपत्रातून वाचत होते, पण जेजुरीला गेलो होतो तेव्हा सासवडजवळ पाहुण्यांकडे राहिलो आणि पहाटे त्यांच्यासोबत अंजिराच्या बागेत गेले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ज्या वर्षी विमानतळाची जागा ठरली त्याच वर्षी. उजाडायच्या आत तोडणी सुरू. अंजीर देठाशी तोडलं की पांढरा चीक येतो, तो बोटांना लागून कातडी सोलते, म्हणून बायका बोटांना चिंध्या गुंडाळतात. दाबून चालत नाही, टाकून चालत नाही. एकेक फळ पाल्यावर ठेवून पाटी भरायची. खट्टा बहार घ्यायचा की मीठा, हे पाण्यावर ठरवायचं. त्या घरच्या बाईंनी मला विचारलं की या कामाची नोंद कोणत्या रकान्यात करतात? झाड मोजतात, विहीर मोजतात, पाइपलाइन मोजतात. पण या मातीत, या पाण्यावर फळ कसं आणायचं ते हातात मुरलेलं ज्ञान. ते नव्या प्लॉटवर कुठे लावायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून नाही.

याच सात गावांतली खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. ते घराणं मूळचं कुठलं? आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. शेतकऱ्याच्या बांधावर पाणी कसं मुरवावं, सरकारने तळी-तलाव कसे बांधावेत, हे सव्वाशे वर्षांहून आधी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये लिहिणाऱ्या माणसाचं हे गाव. तिथे जमिनीचा निवाडा होताना शेतकऱ्याला पुढच्या खुर्चीवर बसवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या दुसऱ्या अंगाला सोलापूर आहे. तिथे बोरामणीला नव्या विमानतळासाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली, आणि मग वनजमिनीचा व माळढोक पक्ष्याचा प्रश्न आडवा आला. जमिनी घेतल्या, विमान आलं नाही. शेवटी होटगी रस्त्यावरचा जुना विमानतळच सुधारला. त्यासाठी २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि गेल्या वर्षी तिथून गोव्याला विमान सुरू झालं. माळढोक त्या माळावर राहतो हे तर गुराख्याच्या पोरालाही माहीत होतं. ते जमीन घेण्याआधी विचारलं असतं, तर किती घरांचे हाल वाचले असते!

आणि आपण स्वतः काय कमी सोसलंय? राजेवाडीचा तलाव आठव. दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून इंग्रजांनी तो बांधला. काम चांगलं, दगडी बांधणी आजही बघण्यासारखी. पण जमीन बुडाली आपल्या माणची, आणि कालव्याचं पाणी बरंचसं गेलं खाली, आटपाडी-सांगोल्याकडे. त्यांना पाणी मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, तीही आपलीच माणसं. पण ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांनी टँकरची वाट बघावी, हे कोणत्या न्यायात बसतं? माझी आजी हे सांगताना शेवटपर्यंत चिडायची.

म्हणूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला मी पहिल्यापासून वेगळं करू शकत नाही. म्हसवड-धुळदेवच्या माळावर बंगळुरू-मुंबई कॉरिडॉरची औद्योगिक वसाहत आणायचं कित्येक वर्षं घाटतंय. मध्ये ती कोरेगावला न्यायची की इथेच ठेवायची यावरून भांडणं झाली. कारखाने यावेत, ही माझीही इच्छा आहे. पोरांना गाव सोडून भट्टीच्या धुरात आयुष्य काढायला लागू नये, यापेक्षा मोठं मागणं काय असणार! पुरंदरला विमानतळ, इथे कारखाने, मधे चांगला रस्ता झाला तर हा दुष्काळी पट्टा खरंच बदलेल. फक्त मला एवढंच म्हणायचंय की अशी कामं बिघडतात ती काँक्रीट ओतताना नव्हे, त्याच्या फार आधी. पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार? जमीन देणाऱ्याचा वाटा किती, तो कधी हातात पडणार? भूमिहीन मजुरांचं आणि मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांचं काय, त्यांच्या नावावर तर सातबाराच नाही. काम सुरू झालं नाही, तर जमीन परत मिळणार की तशीच पडून राहणार? हे सगळं पहिल्या नोटिशीच्या आत लेखी झालं पाहिजे. आपल्या माणगंगा नदीच्या बाबतीत तरी गाढीच्या वेळेसारखं कुणीतरी ठाम राहिलं पाहिजे, आणि ते कुणीतरी आपणच.

कायद्याचं थोडं सांगते, कारण पुरंदरला आणि इथे वाट एकच, एमआयडीसीची. आधी त्या कायद्याच्या कलम बत्तीस-दोनची नोटीस येते. जमीन का घेऊ नये, याबद्दल तुमचं म्हणणं मांडा म्हणून. तेव्हाच हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची. मग दराची बोलणी, संयुक्त मोजणी. मोजणीच्या दिवशी हजर राहून बांधावरचं एकेक झाड, बोअर, गोठा, ताल सगळं पंचनाम्यात लिहून घ्यायचं. बत्तीस-एकची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची झाली. त्यानंतर आठवलेल्या चिंचेचे पैसे कुणी देत नाही.

आता तुझ्याबद्दल. परवा मी तुमच्या गटाचा सातबारा ऑनलाइन काढून बघितला. त्यावर अजून तुझ्या आजोबांचं नाव आहे. तुझ्या वडिलांची वारसनोंद झालेली नाही, मग तुझी आणि तुझ्या भावांची कुठून होणार? गलाईवाल्या निम्म्या घरांचं असंच आहे. माणसं परमुलखात, जमीन आज्याच्या नावावर, आणि इतर हक्काच्या रकान्यात कधीची फिटलेली सोसायटीची कर्जं. ज्यांची नावं नाहीत त्यांना नोटीस जाणार नाही, बैठकीचं बोलावणं येणार नाही, आणि चेक निघायची वेळ आली की भाऊबंदकीचे दावे सुरू होतील. पनवेलकडे एकेका भूखंडापायी सख्खी भावंडं कोर्टात गेलेली दिरांनी बघितली आहेत.

आणखी एक. बहिणीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, २००५ पासून तो साऱ्या देशात आहे. तरी आपल्याकडे बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. जमीन कोरडवाहू माळ होती तोवर कुणी आठवणही काढत नव्हतं. आता मोबदल्याचं नाव निघालं की तुला प्रेमाचे फोन येतील. तू भावांशी भांड असं मी म्हणत नाही. तुझे भाऊ गुणी आहेत. पण बसून, बोलून, सगळ्यांची नावं लावा. मग जे कुणाला द्यायचं ते राजीखुशीने द्या. वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

म्हणून माझं ऐक, रथाची वाट बघू नकोस. रथ मार्गशीर्षात, त्याला अजून नऊ-दहा महिने आहेत. पोरांच्या परीक्षा झाल्या की चैत्रात ये. तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज देऊ, मी सोबत येते. येताना वडिलांचा आणि आजोबांचा मृत्यूदाखला, तुमच्या सगळ्यांची आधारकार्डं आणि तुझं लग्नाआधीचं नाव असलेला शाळेचा दाखला आण. लहान भावाला सुरतेहून येता येत नसेल तर त्याच्याकडून रीतसर मुखत्यारपत्र करून घे. आणि नेडुंबश्शेरीला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी कुणी टॅक्सीवाला भेटला, तर त्याला विचार की पंचवीस वर्षांनी त्याला काय वाटतं, काय मागायचं राहून गेलं. ते नीट लिहून आण. ग्रामसभेत मला ते वाचून दाखवायचंय.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
म्हसवडची मैत्रीण